न डसलेल्या सापाचे विष

आमच्या भागात साप चावला असे उघड म्हणण्याची रीत नव्हती. 'पान लागलं' असे म्हणत, आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरे होई. दौंडच्या ज्या लहानशा मिशनच्या रुग्णालयात मी परिचारिका होते, तिथे हे दोन शब्द घेऊन येणाऱ्यांची वर्षभर ये-जा असे. म्हणून त्या दिवशी दुपारी गुळाच्या ढेपांनी भरलेला एक ट्रक फाटकाशी थांबला, आणि ढेपांवर घोंगडी टाकून निजवलेल्या एका तरुणाला चौघांनी खाली उतरवत 'पान लागलंय, वाट द्या' असा पुकारा केला, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही नवल वाटले नाही.

पन्नास सालानंतरची, दारूबंदीच्या अमलातली ही गोष्ट. मी मूळची शिरूरची. शाळा-कॉलेज यथास्थित झाले, परंतु परिचर्येचे शिक्षण मी तिशी उलटल्यावर घेतले. उशिरा सुरुवात करणाऱ्याला एक सवय जडते. आपल्याला एखादी गोष्ट समजली आहे असे वाटले, तरी तो आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. बोलण्याचा संकोच तर मला लहानपणापासूनच होता. डॉक्टर तेवढे बोलके. ते नगरकडचे, आमच्याच ख्रिस्ती समाजातले, आणि रोगी अत्यवस्थ असताना त्यांची थट्टा अधिक चाले.

तरुण वडगाव रासाईच्या पुढे भीमेकाठी असलेल्या एका वस्तीवरचा होता. दौंडच्या इंजिन शेडमध्ये तो इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता आणि रजा घेऊन घरी गेला होता. त्याच्याबरोबर त्याचे वडील, त्याची बायको आणि शेडमधलाच एक फायरमन सोबती असे तिघे होते. हा सोबती रजेचे दोन दिवस त्याच्याकडे पाहुणा म्हणून राहिला होता. वडिलांच्या हातात काठी होती आणि काठीला डोके ठेचलेला एक लांबलचक साप सुतळीने बांधला होता. बायकोने पदर इतका पुढे ओढला होता की तिची हनुवटी तेवढी दिसत होती.

"किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारले.

"दिस उगवायला," सोबती म्हणाला. "उसाला पानी द्याया गेलता. बांधावरनं पाय टाकला आन् झालं."

"आणि दुपारपर्यंत काय करत होता?"

"भैरोबाच्या देवळात हुतो न्हवं," वडील म्हणाले. "लिंबाचा पाला चारला, तूप पाजलं, ढोल लावला. निजू दिला न्हाई. पर ह्यो डोळंच उघडंना."

"बेशुद्ध माणसाला तूप पाजलं?"

"पावशेर पाजलं, डाक्टरसाहेब. घरचं हाय."

डॉक्टरांनी काठीकडे पाहिले. "आणि हे?"

"त्योच ह्यो. बिळातनं काढून म्या सोता ठेचला."

"आबा, ही धामण आहे. हिच्याजवळ विष नसतं. तुमच्या फडातले उंदीर खात होती बिचारी, आणि तुम्ही तिला फाशी दिलीत."

ट्रकवरचा हमाल हसला. म्हाताऱ्याला ते लागले. "मग दुसरा आसंल. फडात काय एकच ऱ्हातो व्हय?"

थट्टा करताकरता डॉक्टरांचे हात चालले होते. घोट्याच्या वर लाल ठिपक्यांची एक जोडी होती. सूज मात्र मुळीच नव्हती. नागाचा दंश असता तर एव्हाना पाय काळानिळा होऊन फुगला असता. परंतु मण्यार चावली तर सूज येत नाही. पापण्या मिटतात, माणूस झोपल्यासारखा पडतो आणि श्वास हळूहळू मंदावत जातो. या तरुणाचे नेमके तसेच झाले होते. छातीच्या हाडावर मुठीने रगडले तरी तो हलत नव्हता, ओठ निळसर पडले होते आणि घशात काहीतरी घरघरत होते. रुग्णालयात सर्पविषावरची लस एकाच रोग्यापुरती शिल्लक होती. ती घोड्याच्या रक्तापासून बनवत, आणि एखाद्याला ती सोसली नाही तर लस टोचताक्षणी श्वास कोंडे. मण्यार असेल तर लस न देणे म्हणजे त्याला मरू देणे होते. मण्यार नसेल, तर आधीच अडखळणाऱ्या श्वासावर आपल्या हाताने आणखी एक ओझे टाकणे होते.

डॉक्टरांनी त्याच्या तोंडाशी नाक नेले. "कांद्याचा वास कशाचा?"

"शुद्धीवर यावा म्हून," सोबती घाईने म्हणाला. "ठेचून लावला."

"तोंडाला?"

"व्हय. तोंडालाच लावत्यात."

"काही प्यायला होता का हा? गोळ्या, भांग, काही?"

"आमच्या घरात त्येला कुनी शिवत न्हाई," म्हाताऱ्याने मान ताठ करून सांगितले.

"गळ्याशप्पथ न्हाई, साहेब," सोबत्याने दुजोरा दिला.

डॉक्टरांनी मला लशीची पेटी आणायला सांगितले. मी वळले, तेव्हा कोणीतरी माझ्या पदराचे टोक धरून ओढले. ती त्याची बायको होती. खालच्या मानेने ती पुटपुटली, "बाई, मला जरा मागं जायाचंय." मी तिला मागच्या मोरीकडे घेऊन गेले. तिथे पाण्याच्या टाकीच्या आड तिने पदर मागे सारला. ती वीस वर्षांचीही नसावी.

"पान न्हाई लागलं, बाई."

मी टाकीच्या आणखी आड सरले.

"गोळ्या हायेत. निजायच्या. दारूत खलून घेतल्यात दोघांनी, रातच्याला गोठ्यात. मामंजी सांगतील त्यात म्या कशी बोलू? त्यांच्याम्होरं मी अजून च्या पायजे का म्हून सुदिक इचारलं न्हाई कवा." तिने माझा हात धरला. "पर म्या सांगितलं म्हून नगा सांगू. मला घरात घ्येनार न्हाईत. आन् ह्यांची नोकरी गेली तर ह्यो मानूस तसा बी मरंल."

"किती गोळ्या?"

"ह्यांच्या सोबत्याला ठावं."

आम्ही परतलो तेव्हा डॉक्टर लशीची वाट पाहत उभे होते आणि म्हातारा, सोबती आणि ट्रकवरचे दोघे खाटेला वेढून होते. मला भरल्या खोलीत मोठ्याने एक वाक्य बोलणे कधी जमले नाही. मी पेटी त्यांच्या हाती देताना वाकले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "साप नाही. गोळ्या आणि दारू. सोबत्याला विचारा, हिचं नाव नको."

डॉक्टरांनी वर पाहिलेसुद्धा नाही. "सिस्टर म्हणतात, ऑक्सिजन संपत आलाय," ते मोठ्याने म्हणाले. "ए फायरमन, चल माझ्याबरोबर. सिलिंडर उचलायला दणकट गडी पाहिजे."

सामानाच्या खोलीत मीही गेले, कारण किल्ली माझ्याजवळ होती. दार लोटून डॉक्टर त्याच्याकडे वळले.

"किती गोळ्या?"

"कसल्या?"

"हे बघ, मी पोलीस नाही. तिकडे तो जातोय, आणि तू मला धामण दाखवतोस."

"धामन म्या न्हाई दावली, साहेब. ती आबांनी मारली."

"खरं आहे. तेवढे एकटेच इथे प्रामाणिक आहेत. पायाला काय टोचलंस?"

सोबती खाली बसला. "बाभळीचा काटा."

"दोनदा?"

"एकदाच टोचून कसं चालंल, साहेब?"

एवढे बोलून तो रडू लागला, आणि मग त्याने सारे सांगितले. इंजिनावर रात्रंदिवस भट्टीपुढे कोळसा लोटून आले की दिवसा डोळा लागत नसे. कोणीतरी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या औषधाच्या दुकानात मागितल्या की मिळत. पुढे असा शोध लागला की हातभट्टीच्या दारूत गोळीची पूड टाकली, तर अर्ध्या पेल्यात बाटलीचे काम होते. दारूबंदीत दारू चोरून आणायची आणि वास आला तर तुरुंगाची वाट धरायची, त्यापेक्षा थोडक्यात भागते हे शेडमधल्या कित्येकांना सोयीचे वाटले. त्या रात्री वर भांगेची गोळीही होती. याने स्वतः एक पेला घेतला आणि थांबला. तो थांबला नाही.

"झोपेच्या मूठभर तरी आसतील. पुडी त्येच्याकडं हुती. सकाळी हाका मारल्या, हलंचना. तेवढ्यात आबा आलं. दारू म्हनलं तर घरात मारतील, शेडात कळलं तर काढतील, पोलीस येगळंच. तोंडातनं निघून गेलं, पान लागलं म्हून. म्या म्हनलं, लगेच दवाखान्यात न्हेऊ, हितं काय ते सांगू. पर सगळा गाव आला, साहेब. ढोल आला. म्या वरडतोय दवाखाना, दवाखाना, आन् त्ये मलाच म्हनत्यात, तू दौंडचा, तुला आमचा भैरोबा काय ठावा!"

डॉक्टरांनी त्याला सिलिंडर उचलायला लावलाच.

लशीची पेटी परत गेली. त्या वेळी अशा विषावर उतारा म्हणावा असे काही आमच्याजवळ नव्हते, आणि डॉक्टरांचा उत्तेजक इंजेक्शनांवर विश्वास नव्हता. त्यांचे म्हणणे, गोळी आपल्या वेळेने उतरते. तोवर श्वास चालू ठेवायचा, एवढेच आपले काम. आम्ही खाटेचे पायथ्याचे पाय विटांवर चढवले, त्याला कुशीवर केले, आणि सिरिंजला रबरी नळी लावून घशातून जे निघेल ते ओढून काढले. पोटात बारीक नळी घातली. पिवळसर, आंबूस पाणी आले आणि त्यावर तुपाचे तवंग तरंगत होते. तूप थोडे छातीतही उतरले असणार, असे डॉक्टर इंग्रजीत पुटपुटले, आणि पेनिसिलिन सुरू झाले. थोड्याथोड्या वेळाने कूस बदलायची, तोंड स्वच्छ करायचे, पापण्यांवर ओली पट्टी ठेवायची आणि पुन्हा श्वासाकडे पाहत बसायचे. या कामात बोलावे लागत नाही. त्याची बायको माझ्यासमोर, खाटेच्या पलीकडच्या बाजूला असे, आणि मी कूस बदलायला हात घातला की न सांगता तीही हात घाली.

म्हाताऱ्याला आम्ही काही सांगितले नाही. तो व्हरांड्यात बसून विष उतरण्याची वाट पाहत होता. सोबती संध्याकाळच्या पॅसेंजरवर ड्युटीला गेला. जाताना तो म्हाताऱ्याच्या पाया पडला. अशा रोग्याची पोलिसांत वर्दी द्यावी लागे. ती डॉक्टरांनी दिली की नाही, हे मी विचारले नाही.

दोन रात्री उलटल्यावर त्याने डोळे उघडले आणि चहा मागितला. ताप होता, खोकल्याने छाती दुखत होती. पण माणूस परत आला होता. त्याला गोठ्यातल्या रात्रीचे काही आठवत नव्हते. भेटायला येणाऱ्यांनी मात्र त्याला त्याची हकीकत सांगितली, आणि ती त्याला आवडली. शेडमधले लोक आले, वस्तीवरचे आले. प्रत्येकाला तो पायावरचे ठिपके दाखवी. पहिल्या दिवशी तो साप पायाखाली आला होता. पुढे तो फणा काढून आडवा उभा राहिला. धामणीचे नाव कोणी काढले, तर "ती त्येची जोडीदारीन," असे तो सांगे. म्हातारा हे ऐकून मान डोलावी, आणि सून भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या करी. एकदा सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्यांना खरंच वाटाया लागलंय, बाई. आता मी कुनाला काय सांगू?"

मला वाटले होते की आता ताप उतरला की झाले. पण त्याचे हात कापू लागले. घाम सुटे, झोप मुळीच येत नसे, आणि दाराशी कोणी आले तरी तो दचके. एका सकाळी मी त्याला पेज देत असताना त्याची मान एकाएकी मागे ताठ झाली, डोळे फिरले आणि सारे अंग झटके देऊ लागले. वाटी माझ्या हातून उडाली. झटके थांबल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितले, की हा काही एका रात्रीचा प्रताप नाही. महिनोन् महिने गोळ्या खाऊन शरीर त्यांना सरावले आहे. आपण त्या एकदम तोडल्या म्हणून ते असे उसळते आहे. उपाय एकच: तेच औषध थोडे थोडे आपल्या हाताने द्यायचे आणि हळूहळू कमी करत आणायचे. त्याला कित्येक दिवस लागतील, आणि तोवर तो इथून हलता कामा नये.

म्हाताऱ्याने झटके व्हरांड्यातून पाहिले होते. त्याने कोणाला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी बैलगाडी उभी होती. गाडीत पेंढा अंथरला होता आणि भावकीतले दोघे गडी घोंगडी घेऊन आत आले.

"इख पुरतं उतरलं न्हाई," म्हातारा डॉक्टरांना म्हणाला. "मागं ऱ्हायलेलं इख पुन्यांदा चढतं. तुमी लई केलंत. आता भैरोबाच्या दारात ठिवतो."

"आबा, वाटेत असा झटका पुन्हा आला तर गाडीत काय कराल?"

"हितं आला तवा तुमी काय केलंत?"

"याला औषध चालू केलंय. मध्येच तोडलं तर हा जाईल."

"कशावरचं आवशिद? सापावरचं तर तुमी दिलंच न्हाई. मला कंपौंडर बोलला. पेटी परत ठिवली म्हनं. गरीब म्हून न्हाई दिली का आमी तुमच्यातलं न्हाई म्हून?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले, आणि मी मान खाली घातली. आम्ही दोघेही ज्या वाक्यापाशी अडलो होतो ते आमचे नव्हते. त्याच्या बायकोने ते आम्हांला विश्वासाने ठेवायला दिले होते. गड्यांनी घोंगडी खाटेवर पसरली. एकाने त्याच्या काखेत हात घातले. तो स्वतःही उठून बसू पाहत होता.

"मामंजी."

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदर तसाच पुढे होता.

"मामंजी, पान लागलं न्हवतं."

गडी थांबले. म्हातारा तिच्याकडे न पाहता डॉक्टरांना म्हणाला, "ही काय बोलती?"

"गप ऱ्हा," तो खाटेवरून ओरडला. "मायला, डोकं फिरलंय हिचं!"

"डोकं फिरलं न्हाई," ती भिंतीलाच म्हणाली. "दारू पेलेत. निजायच्या गोळ्या घालून. कालपरवाचं न्हाई त्ये, दिवाळीच्या आधीपास्नं चाललंय. आजून कोटाच्या अस्तरात हायेत, खुटीवर कोट हाय. भैरोबाला न्यायचं तर न्ह्या. पर काय झालंय त्ये त्येला तरी खरं सांगा."

हमसाहमशी रडणे ऐकू येईल असे मला वाटले होते; तसे काही झाले नाही. तो मात्र तिला शिव्या देऊ लागला आणि खोकल्याने त्याचा आवाज बंद पडला. म्हातारा खुंटीपर्यंत गेला. कोटाला त्याने हात लावला नाही. नुसता त्याच्यासमोर उभा राहिला. मग मागे वळून त्याने डॉक्टरांना विचारले, "हितं किती दिस ऱ्हावं लागंल?"

"महिना तरी."

म्हातारा बाहेर गेला. व्हरांड्यातून मला त्याचा आवाज ऐकू आला. गाडीवानाला तो सांगत होता, "गाडी न्हे माघारी. डाक्टर म्हनत्यात, जहरी जनावर हुतं, येळ लागंल. गावात तसंच सांग." आत उभ्या असलेल्या दोन्ही गड्यांना त्याने नावानिशी हाका मारून बाहेर बोलावले, आणि त्यांच्याशी तो फार हळू, फार वेळ बोलला. त्यांच्या तोंडून पुढे काही फुटले असेल, असे मला वाटत नाही.

औषध थेंबाथेंबाने कमी होत गेले. झटके पुन्हा आले नाहीत. छाती मात्र पूर्ण साफ झाली नाही. खोकल्याचा एक सूर कायमचा राहिला. महिनाभर त्याने बायकोशी अवाक्षर काढले नाही. तिने पुढे केलेला पेला तो माझ्या हातून घेई. मला तो एकदा म्हणाला, "गोळ्यांचं काय न्हाई, बाई. पर हिनं चारचौघांत माझी लाज काढली." भेटायला आता फारसे कोणी येत नसे, आणि आले तरी तो पाय पांघरुणात घेई.

निघायच्या दिवशी तो फाटकाकडे पुढे चालू लागला. म्हातारा मागे रेंगाळला. कपड्यांचे गाठोडे त्याने सुनेच्या हातून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकले होते.

"डाक्टर, शेडात परत धाडू का ह्येला?"

"आबा, नोकरी तीच, भट्टी तीच, आणि गोळ्या मिळायच्या तिथे मिळणारच. शेतावर ठेवलात तर तिथून तो पळून येईल. मी तरी काय सांगू?"

म्हातारा सरळ सुनेकडे वळला. सासऱ्याने सुनेला समोरासमोर असे विचारताना मी आमच्या भागात क्वचितच पाहिले असेल.

"तू सांग, पोरी."

"मी संगं ऱ्हाते दौंडात. येखादी खोली बघा."

"खोली मिळंल. पर त्यो तर तुज्याशी बोलत न्हाई."

"नगा बोलू म्हनावं. निजल्याव उठवाया कुनीतरी पायजे."

त्यानंतर दोन-तीन वर्षे ती मला दौंडच्या आठवडे बाजारात अधूनमधून दिसे. तिचे डोळे नेहमी जागरणाचे असत. काय विचारावे याची मी मनाशी जुळवाजुळव करी, पण मी तोंड उघडण्याआधीच ती भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणे, "हायेत, बाई. हायेत." बरे आहेत असे ती कधी म्हणाली नाही, आणि तेवढे ऐकून मीही पुढे जाई.